यॉर्क : तटाच्या आत आणि तटाबाहेर

उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहरात परक्या माणसाची पहिली फजिती होते ती शब्दांनी. तेथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि वेशीला ‘बार’. स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट ही वेशींची नावे नव्हेत, रस्त्यांची होत. आणि मिकलगेट बार ही पेयपानाची जागा नसून थोरल्या रस्त्याची वेस आहे. यातला ‘गेट’ इंग्रजी नव्हेच. उत्तरेकडील समुद्रावरून आलेल्या डेन लोकांच्या बोलीत रस्त्याला ‘गाटा’ म्हणत, त्याचा हा अवशेष. कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही. लाकडाचे पेले कातणाऱ्यांची ती आळी. आपण तिला कातारी आळी म्हटले असते. ज्या लोकांचे राज्य या शहरावर जेमतेम नव्वद वर्षे टिकले, त्यांचे शब्द पत्त्याच्या पाकिटावर हजार वर्षे टिकले आहेत. राज्ये जातात, आळ्यांची नावे राहतात, हा अनुभव आपल्याकडील जुन्या शहरांत हिंडणाऱ्यालाही नवा नाही.

यॉर्कला जाण्याचे माझे प्रयोजन इतिहासाच्या वाचकाचे होते, सहल करणाऱ्याचे नव्हते. पण तेथे गेल्यावर हा भेद फार काळ टिकत नाही. शहर लहान आहे, पायी पाहण्याजोगे आहे, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी काहीतरी दाखवीत असते. तेव्हा मी ठरवले की, दाखवतात ते पाहावे; मात्र पाहताना एक प्रश्न मनाशी धरावा. जे शहर आपल्या भूतकाळावर पोट भरते, ते त्यातला कोणता भाग पुढे मांडते आणि कोणता मागे ठेवते?

रोमन लोकांच्या नवव्या पलटणीने इसवी सन ७१ मध्ये येथे छावणी ठोकली आणि तिला एबोराकम हे नाव दिले. सेप्टिमियस सेव्हेरस हा बादशहा २११ साली येथेच वारला. पुढे ३०६ मध्ये कॉन्स्टँटियस येथे वारला तेव्हा सैन्याने त्याच्या मुलाला, म्हणजे कॉन्स्टंटाइनला, याच छावणीत सम्राट म्हणून पुकारले. ज्याने पुढे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला तो हा पुरुष. त्याचा बैठा पुतळा कॅथेड्रलच्या दक्षिण दाराजवळ आहे. तो १९९८ मधला आहे. बादशहाला आपल्या गावात स्वतःच्या ओट्यावर बसण्यासाठी सोळाशे ब्याण्णव वर्षे थांबावे लागले.

शहराभोवतीचा तट हे यॉर्कचे खरे भूषण. सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा तट रोमनांच्या पायावर आणि डेनांच्या मातीच्या बांधावर तेराव्या-चौदाव्या शतकांत दगडात उभा राहिला. त्यावरून चालताना एका बाजूला परसांतली वाळत घातलेली धुणी आणि दुसऱ्या बाजूला मोटारींचा रस्ता दिसतो. मिकलगेट बारवर राजद्रोह्यांची शिरे टांगीत. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड १४६० च्या डिसेंबरात वेकफील्डच्या लढाईत पडला, तेव्हा त्याचे शिर कागदी मुकुट घालून याच वेशीवर लावले होते. हे सर्व वाटाडे उत्साहाने सांगतात. ते कमी सांगतात ते हे की, १८०० साली खुद्द नगरपालिकेलाच हा तट पाडून टाकायचा होता. वेशी अरुंद, गाड्या अडतात, डागडुजीचा खर्च परवडत नाही, ही तिची कारणे. आणि ती आजच्या कोणत्याही नगरपालिकेच्या तोंडी शोभतील इतकी समंजस होती. प्रमुख वेशींसमोरच्या दुहेरी आडभिंती, ज्यांना बार्बिकन म्हणतात, त्यांपैकी तीन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडल्याही गेल्या. वॉल्मगेट बारची तेवढी राहिली. तशी शाबूत बार्बिकन आज इंग्लंडमधील दुसऱ्या कोणत्याही शहराच्या वेशीला नाही. तट वाचला तो काही नागरिकांच्या हट्टामुळे. त्यांत विल्यम एटी हा याच गावचा चित्रकार होता. आज प्रवासी ज्यासाठी पैसे मोजतात ती वस्तू वाचवणाऱ्यांना त्या काळी प्रगतीचे वैरी म्हटले गेले असणार, असे मला तटावरून चालताना वाटत होते.

यॉर्कच्या कॅथेड्रलला मिन्स्टर म्हणतात. साधारण १२२० पासून १४७२ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, ते बांधले जात होते. त्याच्या भव्यतेविषयी लिहिणाऱ्यांची वाण नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मला त्याच्या काचांविषयी सांगायचे आहे. पूर्वेची महाखिडकी जॉन थॉर्न्टन या कॉव्हेन्ट्रीच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केली. विश्वाच्या उत्पत्तीपासून त्याच्या अंतापर्यंतची कथा तीत रंगीत काचांनी सांगितली आहे, आणि आकार जवळजवळ टेनिसच्या मैदानाएवढा. थॉर्न्टनला ठरल्या वेळी काम संपवल्याबद्दल दहा पौंड बक्षीस मिळाले. खिडकीचा मजकूर बिशपांनी ठरवला असेल, पण माणसांचे चेहरे थॉर्न्टनचे आहेत.

अशी नाजूक वस्तू सहाशे वर्षे राहिली कशी? यादवी युद्धात १६४४ च्या जुलैमध्ये यॉर्क पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती पडले. मूर्ती आणि चित्रे फोडणे हे त्या सैन्याला धर्मकृत्य वाटे. पण त्याचा सेनानी सर टॉमस फेअरफॅक्स हा यॉर्कशरचाच होता. त्याने मिन्स्टरच्या काचांना हात लावू दिला नाही. गावचा माणूस शत्रूपक्षात असणे कधीकधी असे उपयोगी पडते. नंतरची संकटे आगीची. २ फेब्रुवारी १८२९ च्या पहाटे जोनाथन मार्टिन नावाच्या एका भ्रमिष्टाने रात्रभर आत लपून राहून गायकवर्गाच्या लाकडी आसनांना आग लावली. ऑर्गनच्या घुमण्याने त्याचे डोके उठले होते. त्याच यॉर्कमध्ये त्याचा खटला चालला आणि तो वेडा ठरून फाशीतून सुटला. वेड्यांच्या इस्पितळात तो १८३८ मध्ये वारला. पुढे ९ जुलै १९८४ रोजी दक्षिण बाजूचे छप्पर जळाले, बहुधा वीज पडून. तीनच दिवस आधी याच इमारतीत एका पुरोगामी विचाराच्या धर्मपंडिताला डरहॅमचा बिशप म्हणून दीक्षा दिली होती. तेव्हा हा देवाचा कोप आहे असे म्हणणारे लोक विसाव्या शतकाच्या अखेरीसही निघालेच. त्या आगीत गुलाबाच्या आकाराच्या खिडकीची काच सुमारे चाळीस हजार ठिकाणी तडकली, पण गळून पडली नाही. थोड्याच वर्षांपूर्वी तिच्या शिशाच्या पट्ट्या नव्याने बसवल्या होत्या म्हणून.

शॅम्बल्स या गल्लीत मात्र माझे मन रमले नाही. ती खाटकांची आळी. माळ्याचे मजले एकमेकांकडे इतके झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करावे. १८७२ मध्ये येथे पंचवीस खाटकांची दुकाने होती; आता एकही नाही. मांस टांगायचे आकडे आणि मांडायच्या फळ्या तेवढ्या काही दुकानांपुढे आहेत, आणि दुकानांत मिठाई व जादूच्या कांड्या विकतात. पण याच गल्लीतल्या एका खाटकाच्या बायकोची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मार्गारेट क्लिदरो हिने बंदी असलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिला. न्यायालयापुढे गुन्हा कबूलही करायचा नाही आणि नाकारायचाही नाही, असा तिने निश्चय केला. कारण खटला उभा राहिला असता तर तिच्या मुलांना साक्षीला उभे केले असते. अशा मौनाला त्या वेळच्या कायद्यात एकच शिक्षा होती. २५ मार्च १५८६ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, ऊझ नदीच्या पुलावर तिच्या अंगावर दरवाजा ठेवून त्यावर दगड रचण्यात आले. १९७० मध्ये रोमने तिला संतपद दिले. शॅम्बल्समध्ये पस्तीस नंबरच्या घरात तिचे स्मृतिस्थान आहे. तेथे शांत बसता येते. गंमत अशी की तिचे घर हे नव्हते, समोरच्या रांगेतले होते, असे आता अभ्यासक मानतात. मात्र भाविकांनी जागा बदललेली नाही. मला त्यात काही वावगे वाटत नाही. नवस बोलणाऱ्याला सिटी सर्व्हेचा नकाशा लागत नाही.

कॉपरगेटमध्ये १९७६ ते १९८१ या काळात मोठे उत्खनन झाले. मिठाईच्या एका जुन्या कारखान्याची जागा नव्या बांधकामासाठी मोकळी झाली होती. ओलसर, हवा न शिरणाऱ्या मातीमुळे दहाव्या शतकातली लाकडी घरे, जोडे, फण्या, विणलेले कापड, सारे टिकून राहिले होते. सुमारे चाळीस हजार वस्तू निघाल्या. त्याच जागी १९८४ मध्ये जॉर्विक नावाचे केंद्र उघडले. तेथे आपण छोट्या गाडीत बसून डेनांच्या गावातून फिरतो, आणि त्या गावाचा वासही नाकाशी येतो. डेन म्हणजे शिंगांचे शिरस्त्राण घातलेला लुटारू, ही समजूत या खोदकामाने पार धुऊन टाकली. येथे सापडला तो कातारी, चांभार, सोनार, म्हणजे कारू-नारूंचा गाव. सर्वांत जास्त गर्दी मात्र एका काचपेटीपुढे होती. तीत एका डेन गृहस्थाची विष्ठा दगडासारखी जतन केलेली आहे. ती एका बँकेच्या इमारतीखाली १९७२ मध्ये सापडली. ती तपासून तो माणूस काय खात होता आणि त्याच्या पोटात किती जंत होते हे विद्वानांनी सांगितले आहे. मोठमोठ्या राजांविषयी इतकी खात्रीची माहिती आपल्याजवळ नसते.

रेल्वेचे संग्रहालय, चॉकलेटचे कारखाने काढणाऱ्या क्वेकर कुटुंबांची घरे, दरोडेखोर डिक टर्पिन जेथे १७३९ मध्ये फासावर चढला ते मैदान, हे सारे आहे, आणि ज्याला हवे त्याने पाहावे. मी क्लिफर्ड टॉवरकडे वळतो.

एका उंच, हिरव्या, शंकूसारख्या टेकाडावर ही दगडी गढी उभी आहे. चार पाकळ्यांच्या फुलासारखा तिचा घेर आहे. ती तिसऱ्या हेन्रीने १२४५ च्या सुमारास बांधायला घेतली. टेकाड तिच्याहून जुने, नॉर्मन विजेत्यांनी रचलेले. आणि दगडी गढीपूर्वी तेथे लाकडी गढी होती. मला बोलायचे आहे ते त्या लाकडी गढीविषयी.

पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक ३ सप्टेंबर ११८९ रोजी लंडनला झाला. नजराणा घेऊन गेलेल्या ज्यू मंडळींवर जमावाने हल्ला केला. यॉर्कचे दोन सधन ज्यू, बेनेडिक्ट आणि जोसे, त्यांत होते. बेनेडिक्टला मारून जबरीने बाप्तिस्मा दिला. तो परतीच्या वाटेवर वारला. राजा धर्मयुद्धासाठी समुद्रापार गेला आणि गावोगाव तीच लाट उसळली. मार्च ११९० मध्ये यॉर्कमध्ये रात्री बेनेडिक्टच्या घराला आग लावली गेली व त्याची बायकामुले मारली गेली. ज्यू हे राजाच्या आश्रयातले लोक, म्हणून ते जोसेच्या पुढाकाराने राजाच्या गढीत शिरले. गढीचा किल्लेदार काही कामाने बाहेर गेला. तो आपल्याला दगा देईल या भीतीने आतल्यांनी त्याला परत आत घेतले नाही. तेथेच सारे बिघडले. जे आश्रित होते ते आता राजाची गढी बळकावणारे ठरले; शेरीफने सैन्य बोलावले, आणि सैन्याच्या मागोमाग जमाव आला.

१६ मार्चचा शुक्रवार. सूर्यास्तानंतर त्यांचा सब्बाथ सुरू व्हायचा. आत फ्रान्समधून आलेला योम तोव नावाचा एक विद्वान रब्बी होता. शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा आपणच आपला अंत करावा, असे त्याने सांगितले. जोसेने प्रथम आपल्या पत्नीला मारले, मग इतरांनी आपापल्या माणसांना. गढीला आतून आग लावली. ज्यांना हे मान्य नव्हते ते सकाळपर्यंत जिवंत राहिले. बाप्तिस्मा घेतो, जीव वाचवा, असे त्यांनी वरून सांगितले. त्यांना अभय दिले गेले आणि बाहेर पडताच कापून काढले. मेलेल्यांची संख्या सुमारे दीडशे होती.

पण या कथेचा सगळा उलगडा होतो तो तिच्या पुढच्या वाक्यात. गढीवरचे काम आटोपताच जमावाचे पुढारी सरळ मिन्स्टरमध्ये गेले. ज्यू सावकारांचे कर्जरोखे तेथे सुरक्षित ठेवलेले होते. राखणदारांना धाक दाखवून ते रोखे बाहेर काढले आणि मिन्स्टरच्या आतच जाळले. पुढाऱ्यांत रिचर्ड मॅलेबिस हा जहागीरदार होता, आणि तो ज्यूंचा मोठा ऋणको होता. धर्माच्या नावाने पेटलेल्या आगीत शेवटी जळायचे होते ते कागद. राजाचा कारभारी मोठी फौज घेऊन आला. त्याने शेरीफला काढले, नागरिकांना दंड केला, पण मुख्य माणसे निसटली होती आणि फासावर कोणीच गेले नाही. सरकारने धडा घेतला तो असा : ११९४ मध्ये हुकूम निघाला की यापुढे प्रत्येक रोख्याची दुसरी प्रत सरकारी पेटीत ठेवावी. माणसांपेक्षा कागदांच्या रक्षणाची तजवीज अधिक चोख झाली. पुढे १२९० मध्ये तर पहिल्या एडवर्डने ज्यूंना देशाबाहेरच घालवले.

यॉर्कने हे पुष्कळ काळ मागे ठेवले. टेकाडाच्या पायथ्याशी स्मृतिशिला बसली ती १९७८ मध्ये, म्हणजे ७८८ वर्षांनी. आता उतारावर पिवळे नर्गिस लावले आहेत. सहा पाकळ्यांचे हे फूल दर मार्चमध्ये, त्या तिथीच्या सुमारास, फुलते. गढीची आतली दुरुस्ती होऊन ती २०२२ मध्ये पुन्हा उघडली. २०२३ मध्ये या शहराला आठशे वर्षांनंतर प्रथमच स्वतःचा रब्बी मिळाला, किंबहुना मिळाली. कारण ती स्त्री आहे. मी गेलो तेव्हा मुले उतारावरून गडगडत खाली येत होती. त्यांना कोणी रागावले नाही, आणि मलाही ते बोचले नाही. मात्र शेजारच्या भुताखेतांच्या सहलीची पाटी वाचून मन विटले. खऱ्या मेलेल्यांच्या इतक्या जवळ खोटी भुते विकू नयेत.

हा सर्व वृत्तान्त आपल्याला कोणी सांगितला? मुख्यतः विल्यम ऑफ न्यूबर्ग या साधूने. यॉर्कच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर कॉक्सवोल्ड नावाचे खेडे आहे. त्याला लागून न्यूबर्गचा मठ होता. तेथे बसून विल्यमने ११९८ च्या सुमारास मरण येईपर्यंत आपल्या काळाचा इतिहास लिहिला. ज्यूंविषयी त्याला प्रेम नव्हते. त्याच्या काळाचे सारे पूर्वग्रह त्याच्या पानांवर आहेत. तरी त्याने हत्येला हत्या म्हटले, लोभाला लोभ म्हटले, आणि रोखे जाळल्याची गोष्ट गाळली नाही. गढीच्या आत रब्बीने केलेले भाषण तो देतो, तेव्हा मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. बंद गढीतले शब्द मठातल्या साधूला कसे ऐकू येणार? मसादाच्या किल्ल्यावरील ज्यूंच्या आत्मनाशाचे जोसेफसने केलेले वर्णन त्याच्या वाचनात होते, आणि त्याची छाया येथे पडली आहे. भाषण रचलेले असेल. प्रेते रचलेली नव्हती.

विल्यमसाठी म्हणून मी कॉक्सवोल्डला गेलो आणि तेथे अनपेक्षितपणे मुंबई भेटली. आठव्या हेन्रीने मठ मोडल्यावर न्यूबर्गचा वाडा झाला आणि तो पुढे फॉकनबर्ग घराण्याकडे आला. या घराण्यात क्रॉमवेलची मुलगी दिलेली होती. बापाचे प्रेत तिने गुपचूप आणून याच वाड्यात पुरले, अशी दंतकथा आहे. ती असो. या घराण्याच्या लॉर्डने १७६० मध्ये कॉक्सवोल्डच्या चर्चची वृत्ती लॉरेन्स स्टर्न याला दिली. स्टर्न वीस वर्षे यॉर्कजवळच्या एका खेड्याचा धर्मगुरू होता आणि मिन्स्टरमध्ये प्रवचने करी. १७५९ च्या अखेरीस त्याने ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या विक्षिप्त कादंबरीचे पहिले दोन भाग यॉर्कमध्येच छापून घेतले, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो लंडनचा लाडका झाला. कॉक्सवोल्डमधील त्याच्या घराला शँडी हॉल म्हणतात. घर बुटके, विटांचे, एका प्रचंड धुराड्याला टेकून बसलेले आहे. कादंबरीचे पुढले भाग त्याने येथे लिहिले.

१७६७ च्या जानेवारीत लंडनमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याच्या घरी स्टर्नची एलायझा ड्रेपरशी गाठ पडली. जेम्स हे नाव आपल्याला परके नाही : १७५५ च्या एप्रिलमध्ये पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गावर तोफा डागणारा मुंबई आरमाराचा अधिकारी तो हाच. कोकणच्या लुटीवर आणि व्यापारावर गब्बर झालेल्या या गृहस्थाच्या दिवाणखान्यात यॉर्कशरचा क्षयी धर्मगुरू आणि मुंबईच्या कंपनी सरकारातल्या डॅनियल ड्रेपरची बावीस वर्षांची बायको एकमेकांसमोर आली. एलायझा केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगोची. चौदाव्या वर्षी मुंबईत तिचे लग्न झाले. नवरा तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. मुलांना विलायतेत ठेवण्यासाठी ती आली होती. एप्रिलमध्ये नवऱ्याच्या बोलावण्यावरून ती परत मुंबईच्या जहाजात चढली, आणि स्टर्नने तिच्यासाठी रोजनिशी लिहायला घेतली. तीत तो स्वतःला ‘ब्राह्मण’ आणि तिला ‘ब्राह्मणी’ म्हणवतो! हा शब्द त्याने हिंदुस्थानातून आलेल्या मंडळींकडूनच उचलला असणार. कॉक्सवोल्डच्या घरात त्याने तिच्यासाठी एक खोलीही सजवून ठेवली. ती खोली तिने कधी पाहिली नाही. १८ मार्च १७६८ रोजी स्टर्न लंडनला वारला.

एलायझाचे पुढे काय झाले ते माझगावात झाले. बेल्व्हेडियर नावाच्या समुद्राकाठच्या घरातून १७७३ च्या जानेवारीत एका रात्री ती निघाली आणि बंदरात उभ्या असलेल्या आरमारी जहाजावर गेली. खिडकीतून दोराच्या शिडीने उतरली, असे जुन्या मुंबईत सांगत. चंचल बाई म्हणून तिच्याविषयी लिहिण्याची रीत आहे. मला तसे वाटत नाही. चौदाव्या वर्षी दुसऱ्यांनी ठरवलेल्या आयुष्यातून निघण्याचा दुसरा दरवाजा त्या घराला नव्हता. १७७८ मध्ये ती ब्रिस्टलला वारली. तेथील कॅथेड्रलमध्ये तिचे स्मारक आहे.

माझगावच्या त्या घराचा आता मागमूस नाही. शँडी हॉल मात्र एका विश्वस्त संस्थेने पडता पडता सावरला आणि तो लोकांना पाहता येतो. स्टर्नच्या रोजनिशीची वही जुन्या कागदांच्या ढिगात एका शाळकरी मुलाला सापडली; ती आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. खुद्द स्टर्नचे प्रेत लंडनच्या दफनभूमीतून चोरांनी उकरून शरीरशास्त्राच्या वर्गात विकले आणि तेथे कोणीतरी चेहरा ओळखला, असे म्हणतात. १९६९ मध्ये ती दफनभूमी बांधकामासाठी मोकळी करताना करवतीने कापलेली एक कवटी निघाली. तिची मापे त्याच्या संगमरवरी अर्धपुतळ्याशी ताडून पाहिली, ती जुळली, आणि अस्थी कॉक्सवोल्डला आणून चर्चच्या भिंतीशी पुरल्या. तेथून विल्यमचा मठ पायी दहा-बारा मिनिटांवर आहे.